ऑइलच्या झाकणाखाली पांढरा थर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

गोव्यातल्या साखळी गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्दा तेवढा इथे देतो. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात, मिस्टर जहाजावर असतात, घरात 2016 ची पेट्रोल वॅगनआर आहे. शाळा घरापासून तीनेक किलोमीटर, गाडी तेवढीच चालते, वर्षाला तीन हजार किलोमीटर पण होत नाहीत. "सर्व्हिस 10 हजारांवर असते ना, मग अजून वेळ आहे असं समजून दोन वर्षं केलीच नाही", असं त्यांनीच लिहिलंय. शाळेला सुट्टी असली की सासरे सकाळी अंगणातच दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. आता झालं असं की ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून पांढरट-पिवळा चिकट थर. जवळच्या एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं, इंजिन खोलावं लागणार, वीस-पंचवीस हजार धरून चला. मिस्टर फोनवर म्हणतात मी येईपर्यंत थांब, सासरे म्हणतात विकून टाक, आणि ताई विचारतात की मी नक्की करू काय.

ताई, सगळ्यात आधी एक करा, गॅरेजवाल्याला सांगा की इंजिनाला अजून हात लावायचा नाही. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, हेड गॅस्केट गेलं तर असा थर येतो हे खरंच आहे. पण तुमची गाडी जशी चालते तशी चालली तर गॅस्केट अगदी धडधाकट असतानासुद्धा हाच थर येतो, आणि नुसतं झाकण बघून या दोघांतला फरक कळत नाही, कोणालाच कळत नाही. त्यासाठी अजून चार गोष्टी बघाव्या लागतात, त्यातल्या तीन तुम्ही स्वतः घरी बघू शकता.

आधी हे पाणी येतं कुठून ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. हो, एक लिटर. वाफेच्या रूपात असतं म्हणून आपल्याला दिसत नाही, बहुतेक सगळं सायलेन्सरमधून बाहेर जातं, सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडतात ना ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली, जिथे ऑइल असतं तिथे उतरते. इंजिन नीट गरम झालेलं असेल तर काही प्रश्न नाही, ऑइल तापलेलं असतं, वाफ तिथे टिकत नाही, पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची एक छोटी वस्तू असते तिच्यातून ती परत ओढली जाते आणि जळून जाते. इंजिन थंड असेल तर मात्र ही वाफ जिथे गार पत्रा मिळेल तिथे पाणी होऊन बसते, भाताच्या टोपावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसंच, आणि इंजिनातली सगळ्यात वरची गार जागा म्हणजे नेमकं ते ऑइलचं झाकण. तिथे पाणी आणि ऑइल एकत्र घुसळलं जातं आणि पांढरट थर धरतो.

आता तुमचे तीन किलोमीटर बघा. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान 80-90 डिग्रीच्या आसपास पोचायलाच काही मिनिटं लागतात, आणि ऑइल तर कूलंटच्याही मागून तापतं. म्हणजे तुम्ही शाळेच्या गेटवर पोचता तेव्हा ऑइल जेमतेम कोमट. गाडी बंद. दुपारी परत तेच. अशी दोन वर्षं ते पाणी बाहेर पडायला वाटच मिळालेली नाही. वर थंड इंजिनात कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं, ऑइल पातळ होतं. त्यात आपल्याकडचा पावसाळा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी आपली जागा, हवाच ओली, एकदा बसलेली ओल सुकायला मागत नाही.

आणि सासऱ्यांची ती दहा मिनिटं. त्यांच्या मनात काळजीच आहे आणि ही सवय गोव्यात घरोघर बघायला मिळते, विशेषतः ज्यांची माणसं बाहेर असतात त्यांच्या अंगणात. पण उभ्या गाडीत आयडलिंगला इंजिन फार कमी उष्णता तयार करतं, दहा मिनिटांत ऑइल काही तापत नाही, उलट अजून थोडं पाणी आणि अजून थोडं पेट्रोल ऑइलमध्ये घालून आपण गाडी बंद करतो. बॅटरीचं पण तेच, सेल्फ मारताना जो करंट जातो तो आयडलिंगला हळूहळूच भरून येतो, त्यात एसी नाहीतर लाइट चालू असली तर विचारूच नका. अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी आतून खराब होत जाते. म्हणून ही दहा मिनिटं आजपासून बंद. सासऱ्यांकडे लायसन असेल आणि ते चालवत असतील तर त्यांनाच सांगा की बाबा, अंगणात नको, आठवड्यातून एकदा डिचोली-अस्नोडामार्गे म्हापशाला जाऊन या, बाजार पण होईल. येऊन-जाऊन चाळीसच्या वर किलोमीटर होतात, जातानाच ऑइल पूर्ण तापतं आणि अर्धा-पाऊण तास तापलेलं राहतं, तेवढ्यात साचलेलं पाणी निघून जायला लागतं. रस्ता मोकळा मिळाला तर तिसऱ्या-चौथ्या गिअरला इंजिन जरा फिरू द्या, दोन-अडीच हजार आरपीएमला घाबरू नका, टॉप गिअर टाकून रखडत चालवण्यापेक्षा ते बरं. पण हे आधी खालचं तपासून झाल्यावर, आज लगेच नाही.

तर तपासायचं काय. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर. पहिली डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ओढून काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा आणि उजेडात बघा. ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, दोन वर्षांचं ऑइल काळंच असणार, ते दुधाळ आहे का हे बघायचंय. झाकणाखाली थर पण डिपस्टिकवर स्वच्छ काळं-तपकिरी ऑइल, याचा अर्थ बहुतेक वेळा वर सांगितलेली ओल. डिपस्टिकवरसुद्धा दूध घातलेल्या कॉफीचा रंग असेल तर मामला गंभीर, गाडी चालू पण करू नका. पातळी पण बघा, दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि तुम्ही तर ऑइल टाकलेलं नाही, मग पाणी किंवा पेट्रोल आत आलंय, नाकाजवळ धरा, पेट्रोल असेल तर वास येतोच.

दुसरं कूलंट. बोनेटखाली एक प्लास्टिकची बाटली असते, आतलं पाणी हिरवं, लाल किंवा निळं दिसतं, तिच्यावर वरची आणि खालची खूण असते. इंजिन थंड असताना आज जी पातळी आहे तिथे बाहेरून चिकटपट्टी लावा. आठ-दहा दिवस रोज सकाळी बघा. हेड गॅस्केट गेलं असेल तर ऑइलमधलं पाणी कूलंटमधूनच येतंय ना, मग ही पातळी उतरलीच पाहिजे. पट्टी जिथे लावली तिथेच पातळी राहिली तर गॅस्केटवरचा संशय बराच कमी होतो. एक विनंती, मुलांना पण सांगून ठेवा, गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंडावर उडतं.

तिसरं सायलेन्सर आणि बुडबुडे. पावसाळ्यात सकाळी पहिली काही मिनिटं पांढरी वाफ येणं अगदी नॉर्मल. इंजिन पूर्ण तापल्यावरसुद्धा दाट पांढरा धूर येतच राहिला, त्याला जरा गोडसर वास आला, किंवा चालू इंजिनात त्या कूलंटच्या बाटलीत बुडबुडे थांबतच नाहीत, तर गॅस्केटकडे बोट जातं. तापमानाचा दिवा पेटला का हे पण आठवून बघा, बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो आणि तो एकदा पेटून विझला तरी विसरायचा नसतो.

चौथं काम गॅरेजचं. जमलं तर हे दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घ्या, दुसरं मत घेण्यात काही वाईट नाही, आपण डॉक्टर बदलतोच की. त्यांना सांगा गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता खालचा, ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात ते तळाला बसतं, म्हणून ऑइलच्या चेंबरमध्ये खरंच पाणी शिरलेलं असेल तर बोल्ट सैल केल्यावर आधी पाणीच येतं, मग ऑइल. सुरुवातीपासून काळं ऑइल आलं तर मोठी काळजी मिटली. त्यावरही शंका असेल तर कूलंटवर ब्लॉक टेस्ट करायला सांगा, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची एक नळी लावतात, जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तो निळा द्रव पिवळा होतो. सोबत कूलंटची प्रेशर टेस्ट आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन. या सगळ्यांचा मिळून खर्च हेड उतरवण्याच्या तुलनेत किरकोळ आहे. हे न करता जो हेड खोलायला सांगतो त्याला नम्रपणे नाही म्हणायचं, आणि टेस्टमध्ये गॅस्केट गेलेलंच निघालं तर मात्र मिस्टर येईपर्यंत थांबू नका, पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत, गाडी टो करूनच न्या.

मला तुमच्या पत्रावरून वाटतंय की ही ओलच आहे, कूलंट कमी झाल्याचं किंवा गाडी तापल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तसं असेल तर उपाय साधा आहे, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, आत्ताच. तुमच्या इंजिनात साधारण तीन लिटर ऑइल बसतं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या, दुकानदार म्हणेल आपल्याकडे उकाडा आहे, जाड घाला, तर ऐकू नका, सकाळी सेल्फ मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत पातळ ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं आणि सगळ्यात जास्त घासण त्याच सेकंदांत होते. तुमच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, तिचा ताण पण याच ऑइलच्या प्रेशरवर राहतो, घाण ऑइल म्हणजे चेनचा खडखडाट. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घालायला सांगा. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघायला सांगा, आतून खुळखुळ वाजला तर चांगला, मुका असेल तर जाम झालाय, बदला. झाकणाखालचा थर फडक्याने पुसून घ्या. इंजिन फ्लश, तीनशे-चारशेच्या बाटल्या, डिकार्ब असलं काही सुचवलं तर आत्ता नको, नुसतं चांगलं ऑइल घाला आणि हे ऑइल सहा महिन्यांतच परत बदला, पहिल्या बदलानंतर आतली जुनी घाण सुटून येते.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्याच्यामुळे हे सगळं झालं. पुस्तकात फक्त 10 हजार किलोमीटर लिहिलेलं नसतं, 10 हजार किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी होईल ते, असं असतं. आपण पहिला अर्धा भाग वाचतो. ऑइल नुसतं चालवून खराब होत नाही, उभ्या गाडीत पाणी आणि आम्ल त्यात पडून राहतं, त्याच्यात घातलेलं संरक्षक औषध (ॲडिटिव्ह) संपत जातं. शिवाय त्याच पुस्तकात मागे कुठेतरी कठीण परिस्थितीतल्या वापराचा वेगळा तक्ता असतो, त्यात धूळ असते आणि सतत कमी अंतराच्या फेऱ्या पण असतात. म्हणजे कंपनीच्या हिशोबात तुमची शाळेची फेरी ही कठीण ड्युटी आहे! पणजी-मडगाव रोज करणाऱ्याची गाडी वर्षाला वीस हजार पळते, पण तिचं इंजिन तुमच्यापेक्षा सुखात असतं. तुम्ही किलोमीटर बघूच नका, कॅलेंडर बघा. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की ऑइल बदलायचं असं ठरवून टाका, दरवर्षी लक्षात राहील.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. डिचोली-साखळीकडची लाल धूळ तुम्हाला माहीतच आहे, एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, दोनचारशेचं काम आहे. कूलंटमध्ये विहिरीचं पाणी नको, कितीही गोड असलं तरी, त्यातले क्षार आत बसतात आणि ॲल्युमिनियमचं इंजिन आतून खातात, तयार मिसळलेलं कूलंट मिळतं ते घ्या. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर साध्या मीटरवर 12.6 व्होल्टच्या जवळ दाखवायला हवी, 12.2 च्या खाली असेल तर चार्जरवर लावून पूर्ण चार्ज करून घ्या, चार वर्षं झाली असतील तर बदलायची मानसिक तयारी ठेवा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं जमलं असेल तर गरम पाण्याने धुऊन, सुकवून थोडं व्हॅसलीन.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतो, आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून कमी चालणाऱ्या गाडीत महिनोन्महिने तेच पेट्रोल पडून राहू देऊ नका. म्हापशाची फेरी सुरू झाली की हा प्रश्न पण सुटेल. तुमची गाडी 2023 च्या आधीची, म्हणजे एवढ्या इथेनॉलला चालणारे भाग गाड्यांत यायच्या आधीची, म्हणून सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा हाताने दाबून बघायला सांगा, भेगा किंवा वास असेल तर बदला.

गाडी माडाखाली लावता असं तुम्ही सहज लिहून गेलात, तर नारळ पडायची भीती आहेच, पण मला जास्त काळजी काचेखालच्या जाळीत साचणाऱ्या पानांच्या कचऱ्याची वाटते. वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिथून पावसाचं पाणी खाली जायला वाट असते, ती कचऱ्याने बुजली की पाणी वायरिंगवर नाहीतर सीटखाली येतं. दर रविवारी हाताने काढून टाका. पावसात उंदीर पण ऊब शोधत बोनेटखाली येतात, वायर कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात चक्क घर करतात. बोनेट आठवड्याला एकदा उघडून बघणं आणि अंगणात जवळपास खरकटं न ठेवणं याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

एक मात्र मनावर घ्या, वाळवंटी नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खरंच इंजिन खोलावं लागतं आणि साध्या विम्यात ते बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. तुमचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर एजंटला तेवढं विचारून घ्या.

विकायचं म्हणाल तर आत्ता नको. झाकणाखाली थर असलेली गाडी दाखवली की घेणारा पण तेच म्हणणार, हेड गॅस्केट गेलं, आणि किंमत निम्म्यावर आणणार. ऑइल बदला, महिनाभर म्हापशाच्या फेऱ्या करा, मग परत झाकण उघडा. स्वच्छ असेल आणि चिकटपट्टीजवळची पातळी हललेली नसेल तर ही गाडी अजून बरीच वर्षं शाळेत नेईल तुम्हाला. मिस्टरांना फोनवर हेच सांगा आणि बिलं फाइलला लावून ठेवा, पुढे कधी विकलीच तर त्याच कागदांवर चार पैसे जास्त मिळतात. थर परत आला किंवा पातळी उतरली तर डिपस्टिकचा आणि कूलंटच्या बाटलीचा फोटो काढून मला पाठवा, मग टेस्टचं काय निघालं ते बघून पुढचं बोलू.